झोप नाकारणारा राजा

1774 साली पश्चिम आफ्रिकेतल्या ओयो या योरुबा राज्याच्या प्रधानमंडळाने आपल्या राजाकडे पोपटाची अंडी पाठवली. सोबतचा निरोप मोठा अदबीचा होता. राज्याचा भार वाहून महाराज दमले असतील, आता जरा झोप घ्यावी. या निरोपाचा अर्थ दरबारात कोणाला समजावून सांगावा लागत नसे. राजाने आस्थेबद्दल आभार मानायचे, आत जायचं आणि आपल्याच अंतःपुरातल्या स्त्रियांना गळा आवळायला सांगायचं, असा रिवाज होता. या राजाने अंडी घेतलीच नाहीत. आपल्याला अजून झोप आलेली नाही, प्रजेच्या भल्यासाठी जागं राहायचं आपण ठरवलं आहे, असं त्याने उलट कळवलं.

प्रधान आधी चक्रावले, मग संतापले, मग बंड करून उठले. आणि हरले.

ही हकीकत आर्चिबाल्ड डाल्झेल या स्कॉटिश गृहस्थाने 1793 साली छापलेल्या, शेजारच्या दाहोमी राज्याच्या इतिहासात दिली आहे. डाल्झेल गुलामांचा व्यापारी. किनाऱ्यावरच्या व्हायडा बंदरातल्या इंग्रजी किल्ल्याचा एकेकाळचा प्रमुख. ओयो त्याने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्या राजधानीत क्लॅपर्टन हा युरोपीय प्रवासी पोचला तोच मुळी 1826 साली. तेव्हा ही गोष्ट ऐकीवच. पण ओयोच्या दरबारी भाटांनी, म्हणजे आरोकिनांनी, तोंडी जपलेला इतिहास सॅम्युएल जॉन्सन या योरुबा पाद्र्याने 1897 मध्ये लिहून पुरा केला, आणि ठळक बाबींत तो याच्याशी जुळतो. (जॉन्सनच्या त्या हस्तलिखिताचं नशीबही अजब. प्रकाशकाकडे पाठवलेलं बाड गहाळ झालं, 1901 मध्ये जॉन्सन वारला, आणि त्याच्या डॉक्टर भावाने टिपणांवरून ते पुन्हा उभं करून 1921 साली छापून आणलं.) जॉन्सनकडे राजाचं नाव येतं अबिओदुन. त्याने ज्याला संपवलं त्या मुख्य प्रधानाचं नाव गाहा.

गोष्ट म्हणून ती रंजक आहेच. पण तिच्या पोटात धर्मविचारातला एक अवघड प्रश्न दडलेला आहे. ओयोचा राजा, म्हणजे अलाफिन, हा साधासुधा सत्ताधीश नव्हता. देवांच्या खालोखाल त्याचं स्थान मानलं जाई. वर्षातल्या मोजक्या सणांनाच तो लोकांसमोर येई, आणि तेव्हाही मुकुटाच्या मण्यांच्या झालरीआड चेहरा झाकलेला असे. त्याचा शब्द घेऊन जाणारे इलारी अर्धं डोकं भादरलेले असत, आणि तेवढ्या खुणेवर गावंच्या गावं वाट सोडत. मग देवाच्या सोबत्याला ‘आता पुरे’ असं सांगायचा अधिकार सात माणसांच्या मंडळाला कुठून आला? राजाचं पावित्र्य जर स्वर्गातून आलेलं असेल, तर ते परत मागायला पृथ्वीवरच्या कोणी का यावं?

युरोपातल्या राजांनी या प्रश्नाचं उत्तर सरळ देऊन टाकलं होतं: राजा फक्त देवाला जबाबदार. 1649 साली इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने न्यायालयासमोर हाच पवित्रा घेतला आणि त्याचं डोकं उडालं. त्यासाठी इंग्रजांना राजाच्या दैवी हक्काची कल्पनाच बाजूला सारावी लागली. ओयोमध्ये तशी वेळ येत नसे. राजा देवासमान आहे हे मान्य करून, साष्टांग नमस्कार घालून, त्याला मरायला सांगण्याची सोय तिथल्या धर्मातच होती.

ती सोय समजायची तर ओरी समजून घ्यावं लागतं. योरुबा श्रद्धेप्रमाणे माणूस जन्माला येण्याआधी स्वर्गात आपलं ‘डोकं’ निवडतो. खांद्यावरचं दिसणारं डोकं हे नव्हे. हे आतलं, प्राक्तनाचं. इफा या भविष्यपरंपरेतल्या कथांत आजाला नावाचा एक कुंभार येतो. तो मातीची डोकी घडवतो, पण त्याची भट्टी बेभरवशाची. काही डोकी नीट भाजलेली, काही कच्ची, आणि वरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. पृथ्वीवर पाऊस लागला की मग कच्चं डोकं विरघळायला लागतं. निवड आपली, पण आंधळी. भोगायची मात्र आपणच. आपल्याकडच्या संचिताशी हे ताडून पाहण्याचा मोह होतो, पण इथे मागच्या जन्मीच्या पापपुण्याचा हिशेब नाही. आहे तो एका निवडीचा परिणाम.

राजालाही असंच ओरी असतं, आणि त्याचं ओरी कच्चं निघालं तर सगळं राज्य भिजतं. म्हणून दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास ओरुन नावाचा विधी होई. मुख्य प्रधान, ज्याला बाशोरुन म्हणत, राजासोबत बसून कोलाच्या बियांचा कौल लावी. स्वर्गातलं पारडं अजून राजाच्या बाजूने आहे का, हे त्यातून कळे. कौल प्रतिकूल आला आणि प्रधानमंडळाने तो उचलून धरला, तर राजाकडे रिकामा तुंबा जाई किंवा पोपटाची अंडी जात. निरोपाचा पारंपरिक साचा तिहेरी होता. देवांनी, लोकांनी आणि पृथ्वीने, तिघांनीही राजाला नाकारलं आहे, असं त्यात सांगितलं जाई.

हे त्रिकूट नीट पाहण्यासारखं आहे. देव एकटे पुरेसे नाहीत, लोकही नाहीत. पृथ्वीची वेगळी संमती लागते, आणि तिच्या वतीने बोलणारी संस्थाही वेगळी होती: ओग्बोनी, म्हणजे भूमीची पूजा करणाऱ्या ज्येष्ठांचं गुप्त मंडळ. साखळीने जोडलेल्या स्त्रीपुरुषाच्या पितळी मूर्ती ही त्यांची खूण. ओग्बोनीच्या बैठकीला राजा स्वतः जात नसे, त्याच्या वतीने राजवाड्यातली एक स्त्री बसे. बाशोरुन आणि त्याचं सात जणांचं मंडळ, म्हणजे ओयो मेसी, यांना या ज्येष्ठांना डावलून चालत नसे. राजा मेसीवर अवलंबून, मेसी ओग्बोनीवर, आणि प्रांतांच्या कारभारात सगळे पुन्हा राजावर.

जेम्स फ्रेझरने 1911 मध्ये ‘मरणारा देव’ या विषयावरच्या खंडात ओयोची ही अंडी आपल्या सिद्धान्तासाठी वापरली. दैवी राजाच्या अंगातला जोम म्हणजे निसर्गाचा जोम. तो ओसरला की पिकं करपतील, म्हणून म्हातारपण येण्याआधीच राजाला मारतात, असं त्याचं म्हणणं. मांडणी ऐटदार आहे, पण ओयोला लागू पडत नाही. गाहाच्या काळात लाबिसी नावाचा राजा 17 दिवसांत संपला. त्याच्यानंतरच्या आवोनबिओजूला 130 दिवस मिळाले. बाशोरुनसमोर लोटांगण घालायला त्याने नकार दिला, हा त्याचा गुन्हा. 130 दिवसांत कोणाचा जोम ओसरत नाही. केंब्रिजच्या अभ्यासिकेत बसून फ्रेझरला निसर्गपूजा दिसली. ओयोतल्या लोकांना राजकारण दिसत होतं, आणि ते राजकारण धार्मिकही होतं.

आता गाहाकडे वळायला हवं, कारण खरा पेच त्याच्यापाशी आहे. स्वर्गाची इच्छा कोलाच्या बियांतून वाचायची म्हटली की वाचणारा कोणीतरी लागतो. ओयोमध्ये तो वाचणारा सैन्याचाही प्रमुख होता. असा माणूस कौल आपल्या सोयीने का वाचणार नाही? परंपरेने यावर एक जालीम उपाय योजला होता असं सांगतात. राजाला मरण सुनावलं की मेसीतल्या एकाने, सामू हे पद असलेल्या सरदाराने, राजासोबत मरायचं. राजाचा थोरला मुलगा, आरेमो, यानेही मरायचं. बाप हयात असताना आरेमो सत्तेत वाटेकरी असे. बापाच्या मरणाची घाई त्याला होऊ नये, हा त्यामागचा हेतू. क्लॅपर्टनने 1826 मध्ये जे टिपून ठेवलं ते अंगावर काटा आणणारं आहे. राजा गेला की ठरावीक सरदार, राण्या आणि आवडते दास यांना विष घ्यावं लागे. ते पोपटाच्या अंड्यातून दिलं जाई, आणि त्याने काम भागलं नाही तर गळफासासाठी दोर तयार असे.

या क्रौर्याचं समर्थन करायचं कारण नाही. पण त्यामागचा तर्क लक्षात घेण्यासारखा आहे. दुसऱ्याच्या मरणाचा कौल देणाऱ्याच्या पंगतीतल्या कोणाचा तरी जीव त्यात जाणार असेल, तर कौल देणारे हात आखडता घेतात. पावित्र्याला हात घालायची ती किंमत होती. गाहाने सुमारे 1754 ते 1774 अशी वीस वर्षं ही किंमत न भरता सत्ता वापरली. लागोपाठ चार राजे गेले, गाहा जागच्या जागी. त्याची मुलं प्रांतोप्रांती पसरून खंडणी आपल्या घरी वळवू लागली. तो बिबट्याचं रूप घेऊ शकतो अशी वदंता होती आणि तिचा त्याला उपयोगच झाला. एक लोककथा आहे. गाहाला कसल्याशा तोडग्यासाठी हरणाचा बळी हवा होता. अबिओदुनच्या मुलीचं नाव हरणाच्या नावाशी मिळतंजुळतं होतं, म्हणून त्याने हरणाऐवजी तिलाच उचललं. कथा खरी असो नसो, ती गाहाला बरोबर ओळखते. देवाला अर्पण करायचं, पण आपल्या पदरचं काही द्यायचं नाही, हा त्याचा खाक्या.

अबिओदुनने घाई केली नाही. गादीवर आल्यावर तो गाहापुढे नमून राहिला, हे आवोनबिओजूच्या नशिबावरून घेतलेलं शहाणपण असणार. दरम्यान प्रांतांतला सेनापती ओयाबी याच्याशी त्याने गुपचूप संधान बांधलं. ठरल्या दिवशी राज्यभर गाहाच्या मुलांची कत्तल झाली आणि ओयाबीचं सैन्य राजधानीत शिरलं. गाहा तोवर पांगळा झाला होता. त्याला पकडून हालहाल करून मारलं. त्याचं मरण आठवून सचोटीने वागावं, अशा अर्थाची म्हण योरुबा बोलण्यात अजून आहे.

अंड्यांचा नकार आणि ही कत्तल, दोन्ही एकत्र ठेवली की अबिओदुन साधुपुरुष उरत नाही. तरी त्याच्या नकारात काहीतरी नवं होतं. कौल खोटा पडला, दुसरा बाशोरुन पुन्हा बिया टाकून पाहू दे, असा युक्तिवाद त्याला करता आला असता. त्याऐवजी तो प्रजेच्या भल्याचं कारण पुढे करतो. झोप आणि जागेपणाची जी सभ्य भाषा त्याला मारण्यासाठी वापरली गेली, तीच उलटवून तो सांगतो की राज्य करणं म्हणजे जागं राहणं, आणि जोवर मी जागा आहे तोवर मला झोपवायचं कारण नाही. राजेपणाचा पाया इथे स्वर्गाच्या संमतीवरून सरकून कामावर येतो. डाल्झेलचं वाक्य त्याच्याच शब्दांत राजाने उच्चारलं असेल याची खात्री कोण देणार! पण किनाऱ्यापर्यंत जी बातमी पोचली तिचा रोख हाच होता.

तो जागा राहिला, आणि राज्याची भरभराट झाली. 1789 मध्ये तो वारला, पण लोकांच्या आठवणीत त्याचा काळ म्हणजे कवड्या मोजत बसायला सवड नव्हती, तुंब्याने मापत, असा. या कवड्या मालदीवच्या. हिंदी महासागरातून युरोपच्या बंदरांत आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत त्या जहाजं भरभरून जात. आपण ज्याला कवडीमोल म्हणतो ते तिथलं चलन होतं. त्या जहाजांनी परत जाताना काय भरून नेलं, हे विचारल्यावर भरभराटीचा रंग बदलतो. पोर्टो-नोवो हे अबिओदुनचं लाडकं बंदर. उत्तरेकडून विकत घेतलेली आणि लढायांत पकडलेली माणसं ओयोचे व्यापारी तिथवर चालवत आणत आणि अटलांटिकपार पाठवत. राजा ज्यांच्यासाठी जागा होता त्या ‘प्रजे’त ही माणसं मोजली जात नव्हती. दैवी कौलाऐवजी लोककल्याण ही कसोटी लावली, की ‘लोक’ म्हणजे कोण हे ठरवण्याचा अधिकार आपसूक राजाकडे जातो. अबिओदुनने तो सढळ हाताने वापरला.

सैन्याकडे मात्र त्याचं दुर्लक्ष झालं. 1783 मध्ये शेजारच्या बोरगू राज्याने ओयोचा पराभव केला. आय. ए. अकिंजोगबिन या नायजेरियन इतिहासकाराने ओयोच्या पडझडीचं मूळ इथेच शोधलं: गाहाचा धडा घेऊन अबिओदुन सेनापतींना वचकून राहिला आणि व्यापारावर विसंबला. इतरांनी या मताला मुरड घातली आहे. धर्माच्या बाजूने पाहिलं तर आणखी एक गोष्ट जाणवते. अबिओदुनने बाशोरुनचा कणा मोडला, पण कौल लावण्याची पद्धत तशीच ठेवली. अंडी पाठवायची सोय उरली, तिला धाक मात्र उरला नाही.

पुढचा अलाफिन आवोले याच्यावर हे सगळं उलटलं. राजा होण्याआधी तो आपोमूच्या बाजारात व्यापार करी. तिथे त्याने एका मित्रालाच गुलाम म्हणून विकलं, आणि आपोमूच्या प्रमुखाने त्याला फटके मारले. गादीवर बसल्यावर पहिली स्वारी कुणावर, असं विचारताच त्याने आपोमूचं नाव घेतलं. सरदार हबकले. आपोमू इफेच्या हद्दीतलं, आणि इफे म्हणजे योरुबांचं आदिस्थान. त्यावर शस्त्र उचलणार नाही अशी शपथ प्रत्येक अलाफिन राज्याभिषेकाला घेई. पुढे इवेरेच्या मोहिमेवर पाठवलेलं सैन्य उलटलं आणि 1796 च्या सुमारास रिकामा तुंबा आवोलेच्या दारी आला. त्याने तो स्वीकारला, पण मुकाट्याने नव्हे. जॉन्सन सांगतो की आवोलेने वाड्यासमोर उभं राहून तीन दिशांना बाण सोडले. ज्या ज्या दिशेला बाण गेले तिकडे तुम्ही गुलाम होऊन जाल, समुद्रापलीकडे जाल, असा शाप त्याने सरदारांना दिला. मग मातीचं ताट आपटून फोडलं, कारण फुटलेला तुंबा शिवता येतो, फुटलेलं मातीचं भांडं सांधता येत नाही. आणि मग विष घेतलं.

जॉन्सनने हे लिहिलं तेव्हा शापाला शतक उलटलं होतं आणि तो खराही झाला होता, त्यामुळे शब्दांना मागाहून धार चढली असणार. ओयोचा सेनापती आफोंजा इलोरिनमध्ये फुटून निघाला, मग तिथे फुलानी अमीर आले, 1830 च्या दशकात जुनी राजधानी ओस पडली आणि हजारो योरुबा माणसं क्यूबा-ब्राझीलच्या उसाच्या मळ्यांत पोचली. पण शाप म्हणून आवोलेने जे सांगितलं ते घडतच होतं. समुद्राकडे जाणारी वाट अबिओदुनच्या काळात मळलेली होती. आवोलेने फक्त तिच्यावरून चालणाऱ्यांच्या यादीत आपल्या सरदारांची नावं घातली. मित्राला विकणाऱ्या माणसाच्या तोंडी हे यावं, यावर आरोकिनांनी काही भाष्य केलेलं नाही. गरजही नव्हती.

जुनं ओयो उजाड झाल्यावर दक्षिणेला नवं ओयो वसवणारा अलाफिन आतिबा हा अबिओदुनचाच मुलगा. बापाने राजाचं सक्तीचं मरण नाकारलं होतं. मुलाने 1859 मध्ये मरण्याआधी राजपुत्राचं मरण रद्द करून घेतलं, म्हणजे आपला आरेमो आदेलू याला गादी मिळेल. आजच्या नजरेने हा निखळ सुधारणेचा निर्णय. पण इजायेचा सेनापती कुरुन्मी आडवा आला. रिवाज राजाच्या सोयीने बदलत नसतो, आदेलूने बापामागोमाग जायला हवं, तो आपला राजा नाही, असं त्याने बजावलं. कुरुन्मीला पुराणमतवादी म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. त्याचा मुद्दा वेगळा करून पाहिला तर तो फारसा जुनाट वाटत नाही: राजपदाला जो धाक बांधलेला आहे तो काढता, पण राजपदाचा मान कमी करत नाही, हे कसं? त्याची किंमतही त्याने मोजली. इबादान शहराने आदेलूची बाजू घेतली. युद्धात कुरुन्मीचे पाच मुलगे पडले, 1861 मध्ये तो स्वतः गेला, आणि 1862 मध्ये इजाये बेचिराख झालं. एका माणसाला मरणातून सोडवण्याच्या वादात एक आख्खं शहर गेलं.

राज्याभिषेकासाठी अलाफिन कोसोच्या शांगोमंदिरात जातो, हा रिवाज या सगळ्याच्या मुळाशी आहे. शांगो हा ओयोचा प्राचीन राजा. एका परंपरेनुसार प्रजेने टाकल्यावर त्याने झाडाला गळफास घेतला. भक्त म्हणतात, त्याने फास घेतलाच नाही. तो आकाशात गेला आणि विजांचा देव झाला. नव्या राजाला मुकुट मिळतो तो अशा देवळात, जिथे राजाचा नकार आणि राजाचं देवपण एकाच घटनेची दोन कथनं आहेत. योरुबा धर्माने त्यातलं कुठलंही पुसलं नाही.

विसाव्या शतकात अंड्यांचं काम सरकारने हाती घेतलं. 1950 च्या दशकात प्रांतिक सरकारने अलाफिन आदेयेमी दुसरे यांना गादीवरून हटवून हद्दपार केलं. त्यांचे पुत्र लामिदी आदेयेमी तिसरे 1970 पासून 2022 पर्यंत अलाफिन होते. ते वारल्यावर ओयो मेसीने एक नाव ठरवलं, पण आजच्या नायजेरियातल्या ओयो या घटकराज्याच्या निर्वाचित गव्हर्नरने ते मान्य केलं नाही. गादी जवळजवळ तीन वर्षं रिकामी राहिली. जानेवारी 2025 मध्ये सरकारने अबिंबोला ओवोआदे यांची नेमणूक जाहीर केली आणि इफाचा कौल त्यांच्या बाजूने असल्याचा दाखला दिला. हा कौल घेणारे होते वांदे अबिंबोला, ओरीच्या कल्पनेवर आणि इफाच्या कथांवर जन्मभर लिहिलेले विद्वान. मेसीतल्या पाच सदस्यांनी नेमणूक अमान्य असल्याचं वकिलामार्फत कळवलं. राजा निवडण्याचा हक्क परंपरेने आपला आहे, हा त्यांचा दावा; आणि स्वर्गाला विचारूनच निवड झाली, हा सरकारचा.